बारावीनंतर थेट अमेरिकेत: नागपुरातून अर्ज केलेल्यांचे अनुभव हवेत

धरमपेठकरीण

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी आत्ता अकरावी सायन्सला आहे, महाराष्ट्र बोर्ड. बारावीनंतर अमेरिकेत जाऊन पर्यावरण अभियांत्रिकी शिकायचं तिच्या मनात पक्कं बसलंय. मास्टर्सला गेलेली मुलं ओळखीत पुष्कळ आहेत, पण बारावीनंतर गेलेलं एकही नाही. त्यामुळे विचारायचं कोणाला, इथपासूनच सुरुवात आहे.

गेल्या आठवड्यात एका सल्लागाराकडे जाऊन आलो. त्यांनी लेकीला विचारलं, तू काय काय केलंयस? तिनं तिची वही पुढे केली. दोन उन्हाळे ती आमच्या आणि शेजारपाजारच्या घरांतले कूलर रोज किती पाणी पितात ते लिहून ठेवतेय. टाकीत किती बादल्या ओतल्या, बाहेर तापमान किती, हवेत दमटपणा किती, वुडवूलची ताटी नवी की मागच्या वर्षीची, सगळं रकाने आखून. त्या गृहस्थांनी वही उघडलीसुद्धा नाही. "असलं चालत नाही तिकडे," म्हणाले आणि एक पॅकेज समोर ठेवलं. त्यात तिच्या नावानं छापून येणारा शोधनिबंध, एका संस्थेचं समाजसेवेचं प्रमाणपत्र आणि निबंध 'तयार करून' देणं, असं सगळं होतं. किंमत काही लाखांत. पोर घरी आल्यापासून गप्प आहे. वही कपाटात गेली.

माझे प्रश्न तीन. सल्लागाराशिवाय हे जमतं का? शिफारसपत्रं कोणाची घ्यायची? आणि वर्षाला बारा-पंधरा लाखांच्या वर आमची झेप नाही, तेवढ्यात हे स्वप्न बसतं का?

---

तर्री_मारके

वाचनखूण साठवली. भाची दहावीत आहे, तिचंही हेच सुरू आहे. जाणकारांनी लिहावं.

---

मिशिगनचा_महालकर

ताई, आधी ती वही कपाटातून बाहेर काढा.

मी नागपूरच्या महाल भागातला, आता अठरा-एकोणीस वर्षं इकडे. माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळांतून कॉलेजला गेली, त्यामुळे ही प्रक्रिया जवळून पाहिलीय. इथे प्रवेश देणारी माणसं अर्ज अक्षरशः वाचतात. नववी ते बारावीचे गुण, शिक्षकांची पत्रं, निबंध, शाळेबाहेर काय केलं आणि बऱ्याच ठिकाणी एसएटी (इंग्रजी-गणिताची प्रवेशपरीक्षा), हे सगळं एकत्र ठेवून निर्णय होतो. बहुतेक कॉलेजांचा अर्ज कॉमन ॲप या एकाच ठिकाणी भरता येतो. तिथे जास्तीत जास्त २० कॉलेजं घेता येतात आणि मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो. ६५० शब्दांत मुलगी दिसली पाहिजे. ४५ अंशांच्या उन्हात शेजाऱ्यांच्या कूलरच्या टाक्या मोजत फिरणारी मुलगी मला तुमच्या चार ओळींतच दिसली.

पैसे देऊन छापलेले निबंध वाचणाऱ्यांना ओळखू येतात. आणि अर्जात खोटं सापडलं तर दिलेला प्रवेशही रद्द होतो, हे त्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितलं नसणार.

---

खामल्याचा_शंकेखोर

वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

आत्ताच्या काळात अमेरिका कशासाठी? सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी नोकरीच्या व्हिसाच्या, म्हणजे एच-वन-बीच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखती काही आठवडे बंद होत्या, आणि आता सोशल मीडियाची खाती उघडी ठेवा म्हणतात. चार वर्षांचं शिक्षण, त्यावर कर्ज, आणि शेवटी नोकरीचा व्हिसा लॉटरीवर. इथे व्हीएनआयटीसारखं इंजिनिअरिंग कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. पोरगी हुशार दिसते, जेईई करून राहिली असेलच. घरचं जेवून शिकेल.

---

मिशिगनचा_महालकर

@शंकेखोर, काळजी रास्त आहे. फक्त एक लाखाचं ते शुल्क मुख्यतः देशाबाहेरून आणल्या जाणाऱ्या माणसांच्या नव्या अर्जांसाठी आहे. इथे शिकून इथेच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा त्यांच्याच खात्यानं नंतर केला. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४ महिने मिळतात, आणि पर्यावरण अभियांत्रिकी त्यात बसते. लॉटरी मात्र खरी आहे. ६५ हजार आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २० हजार, एवढ्याच जागा. बॅचलर्स केलेल्यांना त्या वीस हजारांत भाग नाही. इथे नोकरी मिळेलच असं धरून कर्ज काढू नये, एवढं तुमचं मला शंभर टक्के पटतं.

---

निवृत्त_भौतिकशास्त्र

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. गेल्या काही वर्षांत अशा अर्जांसाठी मुलांना मदत केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडची खरी अडचण या भागात आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

अमेरिकेतल्या शाळेत मुलांसाठी एक समुपदेशक असतो. तो मुलाला चार वर्षं ओळखतो, शाळेचा अहवाल भरतो, गुणपत्रक पाठवतो. आपल्याकडे दहावीपर्यंत एक शाळा आणि अकरावी-बारावी दुसरीकडे. त्यात आता निम्म्या मुलांचं कॉलेज नावापुरतं, प्रत्यक्षात दिवसभर क्लास. हजेरीपटावरचं नाव सोडलं तर कॉलेजला मुलगी माहीतच नसते. मग अहवाल लिहायचा कोणी? नियमानं मुख्याध्यापक किंवा प्राचार्य तो भरू शकतात. पण त्यांच्यासमोर इंग्रजी फॉर्म ठेवला की ते क्लार्ककडे पाठवतात आणि क्लार्क बोनाफाईडचा कागद काढून देतो. म्हणून तयारी आपणच करून जायचं. नववी ते अकरावीचे विषयवार गुण एका पानावर टाइप करून न्या, प्रत्येक विषयापुढे 'शंभरपैकी' स्पष्ट लिहा. नववी-दहावीचं पान जुन्या शाळेच्या लेटरहेडवर, अकरावीचं कॉलेजच्या. सही, गोल शिक्का, तारीख. ई-मेल शाळेच्या स्वतःच्या डोमेनचा असला तर उत्तम. टक्केवारीचं जीपीए (तिकडची श्रेणी-सरासरी) करायला जाऊ नका, आहेत ते गुण तसेच द्या. आपल्या बोर्डात ८५ म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरं, अकरावी. 'अकरावीला कोण विचारतं' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो. हे लोक विचारतात! अर्ज जातात नोव्हेंबर ते जानेवारीत, बारावी बोर्डाचा निकाल लागतो मे महिन्यात. अर्ज वाचताना त्यांच्या हातात सगळ्यात ताजे गुण असतात ते अकरावीचे. बारावीचे अपेक्षित गुण कॉलेजनं लिहून द्यायचे असतात, ते सराव परीक्षांवरून. तेव्हा तुमच्या लेकीनं आत्ताची वार्षिक परीक्षा मनापासून द्यावी.

तिसरं, शिफारसपत्र. क्लासच्या मोठ्या नावाच्या सरांच्या मागे लागू नका. चारशे मुलांत त्यांना तुमची मुलगी आठवणार नाही आणि पत्र कोणालाही लागू पडेल असं येईल. ज्या शिक्षकांनी तिला शंका विचारताना पाहिलंय, ते हवेत. त्या कूलरच्या वहीबद्दल शाळेत कोणाला माहीत आहे का?

आणि एक गणित तिच्यासाठी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती कूलर हवेतून ओढतो. एक टनाचा एसी तासाला साधारण १२,६०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे तासाला पाच-सव्वापाच लिटर पाणी उडालं, तर जवळपास एक टनाच्या एसीएवढी उष्णता ओढली गेली. मग तिनं तिच्या बादल्यांचं लिटरमध्ये रूपांतर करून पाहावं. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आकडे कसे कोसळतात, ते तिच्या वहीत असेलच.

---

पेंचचं_पाणी

सर, हे भारीच! आणि ते सगळं पाणी पेंच धरणातून आलेलं, प्यायचं, शुद्ध केलेलं. उन्हाळ्यात आमच्या भागात नळ एक वेळ येतो आणि अर्धं पाणी कूलरमध्ये जातं. पोरीनं हा धागा पकडला तर महापालिकेनंही वाचावं असं काही निघेल.

---

लेखापाल_रामदासपेठ

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, तुम्ही आकडा स्पष्ट सांगितलात ते फार बरं केलंत, बरेच पालक तिथेच आडपडदा ठेवतात.

मोठ्या खासगी विद्यापीठांत शिक्षण, राहणं, जेवण धरून वर्षाचा खर्च ८०-९० हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला सत्तर लाखांच्या वर. सरकारी विद्यापीठांतही बाहेरच्या मुलांना जास्त दर असतो. कॅलिफोर्नियाची विद्यापीठं शिफारसपत्र मागत नाहीत, एसएटी पाहत नाहीत, अर्ज नोव्हेंबरअखेर असतो; सगळं सोयीचं वाटतं, पण परदेशी मुलांना गरजेनुसार मदत तिथे मिळत नाही. तेव्हा यादी करताना रँकिंग बाजूला ठेवून पहिला प्रश्न हा विचारा: परदेशी मुलांना मदत करतात का, आणि किती?

काही मोजक्या ठिकाणी परदेशी मुलाची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश ठरतो आणि मग गरज आहे तेवढी सगळी मदत देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन. एमआयटीत २०२५ पासून वर्षाला दोन लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना ट्यूशन फी नाही. आपल्याकडची बहुतेक घरं त्यात बसतात.

---

तर्री_मारके

एमआयटी म्हणजे पुण्याचं ना? 😄

---

लेखापाल_रामदासपेठ

नाही हो, बॉस्टनजवळचं. पण प्रवेश मिळणं महाकठीण. एकूण अर्जांपैकी पाच टक्क्यांच्या आत निवड होते, परदेशी मुलांचं प्रमाण त्याहून कमी. त्यामुळे यादीत एक-दोन अशी ठेवावीत, सगळी नकोत.

---

सावनेरची_पोर

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. बाबा सावनेरला शेती करतात, मी स्टेट बोर्डाची, आणि आत्ता अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सल्लागार घेतला नव्हता. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, जमतं.

माझ्या कामी आली ती लिबरल आर्ट्स कॉलेजं. नाव ऐकून आपल्याकडे वाटतं की तिथे कलाशाखाच असेल. माझा मुख्य विषय रसायनशास्त्र आहे. वर्गात वीस-बावीस मुलं, प्राध्यापक नावानं ओळखतात. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, माउंट होल्योक, स्मिथ अशा कॉलेजांत परदेशी मुलांना चांगली मदत मिळते. फक्त ती मदत मागितली आहे हे प्रवेश ठरवताना पाहतात, त्यामुळे जास्त पैसे मागणाऱ्या मुलांसाठी स्पर्धा कठीण होते. पण आकडा खरा द्यायचा. बाबांनी सातबारा, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक सगळं काढून दिलं आणि मी एकेक रक्कम डॉलरमध्ये करून सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मात भरली. त्यात घरात किती जण, गाडी कुठली, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं विचारतात. कापसाचं उत्पन्न एका वर्षी येतं, एका वर्षी बुडतं, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मग 'विशेष परिस्थिती'च्या जागेत मी सरळ लिहून टाकलं की पाऊस लांबला त्या वर्षी काय झालं. नंतर मदत कार्यालयातल्या बाईंनी त्यावरच ई-मेल करून दोन प्रश्न विचारले, म्हणजे वाचलं होतं.

अर्ली डिसिजन म्हणजे नोव्हेंबरातला अर्ज. त्यात प्रवेश मिळाला की तिथेच जायचं बंधन असतं. मदत पुरेशी नसली तर सुटता येतं, पण वेगवेगळ्या कॉलेजांची मदत तुलना करून बघायची संधी जाते. आधी कॉलेजच्या साइटवरचा खर्चाचा कॅल्क्युलेटर भरून बघा, परदेशी मुलांना चालणारा आहे का ते पाहून. अर्जाची फी जड जात असेल तर माफी मागता येते. लाजू नका, मी प्रत्येक ठिकाणी मागितली.

ताई, एक राहिलं. पर्यावरण अभियांत्रिकी अशा छोट्या कॉलेजांत थेट नसते बहुधा, स्मिथसारख्या एखाद्या ठिकाणी अभियांत्रिकी आहे. पण पर्यावरणशास्त्र किंवा रसायन करून पुढे मास्टर्सला अभियांत्रिकीकडे वळता येतं. तुमच्या लेकीला माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच निरोप टाका.

---

खामल्याचा_शंकेखोर

सावनेरची पोर, तुझं वाचून मन भरून आलं. बाबांना माझा नमस्कार सांग. माझं मत बरंच हललंय, कर्जाबद्दलचं सोडून.

---

वायसीसीई_२०२४

थोडं अवांतर. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलंय, एमएसला जायचंय. जीआरई (मास्टर्सची प्रवेशपरीक्षा) द्यायची का? ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं अधिकृत गुणपत्रक, विद्यापीठातून कधी काढायची?

---

मिशिगनचा_महालकर

जीआरई आता दोन तासांच्या आत संपते, सप्टेंबर २०२३ पासून, आणि गुण पाच वर्षं चालतात. पुष्कळ विभागांनी ती ऐच्छिक केलीय, तेव्हा विद्यापीठाचं नव्हे, विभागाचं पान वाच. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आजच टाक, आणि दोन-तीन जादा सीलबंद प्रती घेऊन ठेव. पीएचडीला बहुतेक फी माफ आणि वर विद्यावेतन असतं, एमएसला क्वचित. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचार, हा बारावीचा आहे.

---

दीक्षाभूमी_चौक

शिष्यवृत्त्यांचं कोणी लिहिलं नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. दोन्हींचा भर मास्टर्स आणि पीएचडीवर आहे, त्यामुळे बारावीवाल्यांनी हे पुढच्यासाठी लक्षात ठेवावं. @वायसीसीई_२०२४, तू पात्र असशील तर विभागाच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून पदवीधरांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, तिला जातीची अट नाही.

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हे भिंतीवर लिहिलंय. परदेशी शिक्षण पैसेवाल्यांचं, असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

---

इतवारीची_सून

व्हिसाचं मी सांगते, मागच्याच उन्हाळ्यात दिराच्या मुलाचा झाला. कॉलेजकडून आय-२०, म्हणजे प्रवेशाचा अधिकृत कागद, आला की सेव्हिसची (विद्यार्थी नोंदणीची) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, मग तारखा. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या. नागपूरवाल्यांना मुंबईच घ्यावी लागते असं नाही, आम्ही हैदराबाद घेतलं. सिकंदराबादची वंदे भारत सकाळी निघते, दुपारी पोचते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. हेच कॉलेज का, पैसे कोण देणार, एवढंच विचारलं. पाठ केलेलं बोलू नये, आणि परत येणार का या प्रश्नाला अडखळू नये.

---

तर्री_मारके

आणि येताना बिर्याणी!

---

इतवारीची_सून

आणली हो, पण दिरांनी घरी येऊन सावजीच मागवलं.

---

लेखापाल_रामदासपेठ

व्हिसावरून आठवलं. पैसे बाहेर पाठवताना बँक टीसीएस नावाचा आगाऊ कर कापते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत कापत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर त्यावर नाहीच. कापला तरी विवरणपत्रात परत मिळतो. कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच.

---

धरमपेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री हा धागा लेकीला वाचायला दिला. भौतिकशास्त्राच्या सरांचं गणित तिनं लगेच करायला घेतलं. आमचा कूलर मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी तासाला सात-आठ लिटर पाणी खातो, हे तिच्या वहीत आहे. मग ती दीड टनाच्या एसीच्या विजेशी तुलना करत बसली. जूनमधली पानंही तिनं काढली. पाऊस आल्यावर आकडे निम्म्याच्या खाली गेलेत. सर, तुम्ही विचारलंत ना, कोणाला माहीत आहे का: नववीत असताना तिच्या विज्ञानाच्या बाईंनीच तिला जुना हायग्रोमीटर दिला होता, प्रयोगशाळेतला. तिनं त्यांना काल फोन केला. बाई आनंदानं पत्र द्यायला तयार आहेत. फक्त त्या नववी-दहावीच्या शिक्षिका, चालेल का?

यजमान आणि मी आकडे लिहायला बसलोय. सल्लागाराला नाही कळवलं.

---

निवृत्त_भौतिकशास्त्र

चालेल, पण बहुतेक कॉलेजांना अकरावी-बारावीच्या शिक्षकांची दोन पत्रं लागतात. बाईंचं तिसरं, 'इतर शिफारस' म्हणून जोडा, जिथे मुभा असेल तिथे. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे तिनं वही घेऊन स्वतः जावं, आईवडिलांनी नको. एसएटीचं आत्ताच ठरवा. कोविडमध्ये ती बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झाली होती, पण एमआयटीनं २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, मागाहून डार्टमथ, हार्वर्डनंही. जेईईचं गणित करणाऱ्या मुलीला त्यातलं गणित सोपं जाईल, वेळ इंग्रजी वाचनाला द्यावा.

---

सावनेरची_पोर

ताई, सगळ्यात आधी पासपोर्ट. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव कधी येतं, कधी नाही. माझ्या दोन्हींत मधलं नाव वेगळ्या स्पेलिंगनं होतं आणि ते निस्तरण्यात आख्खी दिवाळी गेली. एसएटी, इंग्रजीची परीक्षा, कॉमन ॲप, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. आणि कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांची सही घ्यायला जाल तेव्हा तेच स्पेलिंग कागदावर लिहून न्या.